बॅक दाबलं अन् पेज एक्सपायर!

लोह्यातून बोलतोय. परीक्षेचा फॉर्म मोबाइलवर भरला, नाव चुकलं म्हणून बॅक दाबलं, की क्रोम म्हणतं ‘कन्फर्म फॉर्म रीसबमिशन’, फायरफॉक्स म्हणतं ‘डॉक्युमेंट एक्स्पायर्ड’. घाबरून रिफ्रेश मारू नका, आधी ऐका.

ब्राउझर सर्व्हरकडे मुख्यतः दोन पद्धतीनं जातो. गेट म्हणजे नुसतं पान मागणं. दहादा मागा, काही बिघडत नाही. पोस्ट म्हणजे काहीतरी देऊन येणं: फॉर्म, फी. पोस्टच्या उत्तरात आलेलं पान हवं असेल, तर ब्राउझर विचारतो, तीच माहिती पुन्हा पाठवू का? तुम्ही ‘हो’ म्हणालात, की अर्ज दुसऱ्यांदा जाऊ शकतो. फीसुद्धा दोनदा कटू शकते!

म्हणून नवीन टॅब उघडा, लॉगिन करा, अर्ज गेलाय का ते बघा. दुरुस्ती साइटवरच्या ‘एडिट’नंच करा. यूपीआयनं फी कटली अन् पावती नाही? लगेच दुसऱ्यांदा भरू नका. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे असे अडकलेले पैसे पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, नंतर रोज १०० रुपये भरपाई.

‘४१९ पेज एक्सपायर्ड’चं दुखणं वेगळं. फॉर्म उघडा ठेवून जेवायला गेलात, सेशन संपलं. तिथं पान नव्यानं उघडून भरायचं, बस.

अन् कोडिंग करणाऱ्या पोरांनो, ‘बॅक दाबू नका’ असं लाल अक्षरात लिहिणं हा निव्वळ आळस आहे. पोस्ट झालं, की ३०३ रिडायरेक्ट देऊन पावतीच्या पानावर न्या. मग रिफ्रेश मारला तरी फक्त पावतीच परत येते.