स्टॅकचा कारभारी कोण?



१३ नोव्हेंबर २००२ रोजी अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात बेथ इस्रायल डीकनेस या नामांकित रुग्णालयाचं संगणकांचं जाळं कोलमडलं. ते पुन्हा नीट उभं राहायला जवळजवळ चार दिवस गेले. संगणक चालू होते, माहिती जागच्या जागी होती. पण प्रयोगशाळेतला अहवाल वॉर्डात पोचेना आणि वॉर्डातली मागणी औषधालयात पोचेना. अखेर सगळा कारभार कागदावर आणावा लागला. रुग्णालयाचे माहिती-तंत्रज्ञान प्रमुख जॉन हलाम्का यांनी नंतर हा प्रकार सगळ्या तपशिलासह जगापुढे मांडला. त्यांच्याविषयी मला मोठा आदर आहे. असं कुणी उघडपणे मांडलं नाही, तर बाकीच्यांनी शिकायचं कशावरून?

बिघाड होता स्विचांच्या आपसातल्या ताळमेळात. स्विच आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. बँकेच्या शाखेत किंवा कॉलेजात कुठल्याशा कोपऱ्यातल्या रॅकमध्ये पावणेदोन इंच उंचीची एक पेटी असते, तिला २४ किंवा ४८ पोर्ट असतात आणि प्रत्येक पोर्टवर हिरवा दिवा लुकलुकत असतो. कुठल्या पोर्टमागे कोणतं यंत्र आहे हे ती आलेल्या संदेशांवरून शिकते आणि त्याप्रमाणे पुढचे संदेश पोचवते. पत्ता ठाऊक नसेल, तर संदेश ज्या पोर्टवरून आला तो सोडून बाकी सगळ्या पोर्टांवर सोडून देते.

पोर्ट संपले की दुसरी पेटी येते, मग तिसरी. एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत केबल. मधली केबल तुटली तर पलीकडचे सगळे अडकतील, म्हणून शहाणा माणूस एक जादा केबल टाकतो. धोका सुरू होतो तो तिथेच. आता वाट गोल झाली. इंटरनेटच्या आयपी पाकिटावर त्यानं आणखी किती टप्पे जगायचं याचा आकडा असतो. स्विच ज्या इथरनेट चौकटी पुढे ढकलतो, त्यांच्यावर असा आकडाच नाही. सर्वांसाठी सोडलेला एक संदेश त्या वर्तुळात फिरत राहतो, प्रत्येक फेरीत त्याच्या प्रती सगळीकडे फुटतात आणि बघता बघता जाळं स्वतःच्याच ओझ्याखाली दबून जातं. आमच्या धंद्यात याला ‘लूप लागला’ म्हणतात, आणि हे शब्द फोनवर ऐकले की मध्यरात्रीसुद्धा झोप उडते.

यावरचा तोडगा डिजिटल इक्विपमेंट कंपनीतल्या रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली काढला: स्पॅनिंग ट्री. स्विच एकमेकांशी बोलून ठरवतात की कुठल्या वाटा उघड्या ठेवायच्या आणि कुठल्या मिटायच्या. वर्तुळ मोडतं, पण जादा केबल हाताशी राहते. संगणकशास्त्रातल्या सर्वांत देखण्या कल्पनांमध्ये मी हिची गणना करतो. पण तिची किंमत होती. पैसे मोजून टाकलेली केबल एरवी गप्प पडून राही, आणि एखादी वाट तुटली की मूळ रचनेत नवी उघडायला ३० ते ५० सेकंद जात. शिवाय ठरावीक वेळमर्यादा पाळायच्या तर कुठल्याही दोन टोकांमध्ये सातपेक्षा जास्त स्विच असू नयेत, असा दंडक होता. दोन संस्थांच्या विलीनीकरणातून घडलेल्या बॉस्टनच्या त्या रुग्णालयात जाळ्याला जाळं जोडत जाताना तो दंडक ओलांडला गेला होता. एका संशोधकाच्या प्रणालीनं माहितीचा प्रचंड लोंढा सोडला आणि स्विचांना आपसात बोलणंच अशक्य झालं.

स्टॅक हे याच प्रश्नाला दिलेलं वेगळं उत्तर आहे. २००३ साली सिस्कोनं कॅटलिस्ट ३७५० हा स्विच आणला. त्याच्या पाठीमागे नेहमीच्या पोर्टांखेरीज दोन खास तोंडं होती, त्यांना जाड स्टॅक केबल लागे. पहिल्याची केबल दुसऱ्यात, दुसऱ्याची तिसऱ्यात आणि शेवटच्याची परत पहिल्यात. असे नऊ स्विच जोडता येत, म्हणजे ४३२ पोर्ट, आणि बाहेरून बघणाऱ्याला तो एकच स्विच दिसे: एक आयपी पत्ता, एकच कॉन्फिगरेशन. इथे वर्तुळ मुद्दाम केलेलं असतं, पण त्यात संदेश किती फिरायचा याचा हिशोब यंत्रणेकडे असतो. ३७५०च्या या वर्तुळाची क्षमता सेकंदाला ३२ गिगाबिट; एक केबल तुटली तर ती निम्मी होते, पण कुणी वेगळं पडत नाही.

खरा लाभ मात्र वरच्या मजल्याकडे जाणाऱ्या अपलिंकमध्ये आहे. एक अपलिंक पहिल्या पेटीतून, दुसरी शेवटच्या पेटीतून काढायची आणि दोन्ही मिळून एकच वाट म्हणून बांधायच्या. स्टॅक एकच स्विच असल्यामुळे त्यातली कुठलीही मिटावी लागत नाही. दोन्हींवरून वाहतूक चालते आणि एक पेटी बंद पडली तरी दुसरी वाट चालू राहते.

आता कारभाऱ्याकडे येतो. नऊ पेट्या एक म्हणून वागायच्या तर निर्णय एकीनंच घ्यायला हवेत. तिला मास्टर म्हणतात. तिची निवड स्विच आपसात करतात: १ ते १५ या प्राधान्यक्रमात ज्याचा आकडा मोठा, तो मास्टर. कारखान्यातून येताना सगळ्यांचा आकडा १ असतो. तो कुणी बदललाच नाही आणि बाकी सगळं समान निघालं, तर शेवटी ज्याचा मॅक पत्ता, म्हणजे कारखान्यातच मिळालेला पत्ता, सर्वांत लहान, तो निवडून येतो. लहान पत्ता बहुधा जुन्या यंत्राचा असतो. म्हणजे तुम्ही लक्ष घातलं नाही, तर रॅकमधली सर्वांत म्हातारी पेटी सगळ्यांची कारभारी होऊन बसते. म्हणून माझं सांगणं आग्रहाचं आहे: मास्टर कोण आणि त्याच्यामागे कोण, हे माणसानं आधी ठरवून आकड्यांत लिहून ठेवावं. ते दैवावर सोडू नये.

वर्तुळ दोन ठिकाणी तुटलं तर काय? स्टॅकचे दोन तुकडे होतात. ज्या तुकड्यात मास्टर उरला नाही, तो नवा निवडतो. आता दोन्ही तुकड्यांचा आयपी पत्ता एकच, आणि दोघांनाही वाटतं की खरे आपणच. शेजारच्या यंत्रांनी विश्वास कुणावर ठेवायचा? जुनिपरच्या व्हर्च्युअल चॅसी या पद्धतीत अशा वेळी एकाच तुकड्यानं काम चालू ठेवावं आणि दुसऱ्यानं गप्प बसावं, अशी सोय आहे. पण स्टॅकमध्ये दोनच पेट्या असतील तर ती सोय बंद ठेवा, असा सल्ला जुनिपरच देते. कारण उघड आहे: जोडीदार मेला की फक्त मधली केबल तुटली, हे उरलेल्या एकाला कळायला मार्गच नसतो आणि धडधाकट मास्टर विनाकारण गप्प बसू शकतो. मला या विषयातली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट हीच वाटते.

विक्रेता सांगतो की स्टॅक घेतला म्हणजे सगळं सुरक्षित झालं. हे मला मान्य नाही. पेट्या अनेक असल्या तरी प्रणाली एकच असते. तिच्यात दोष निघाला तर तो सगळ्यांना एकदम लागतो, आणि तिची नवी आवृत्ती चढवताना बहुतेक वेळा अख्खा स्टॅक एकदम बंद होऊन सुरू होतो. कार्यालयाच्या मजल्यावर हे रात्री चालून जातं. अतिदक्षता विभागात रात्र आणि दिवस असा फरक नसतो. तिथे एक मोठा स्टॅक करण्याऐवजी दोन छोटे, एकमेकांपासून स्वतंत्र असे स्टॅक करावेत आणि एकाच खाटेजवळचे दोन सॉकेट दोन वेगळ्या स्टॅकना जोडावेत. खर्च वाढतो, कॉन्फिगरेशन दोनदा लिहावं लागतं. तो त्रास घ्यावा.

आणखी दोन गोष्टी. चालू स्टॅकमध्ये नवी पेटी जोडायची असेल, तर ती बंद ठेवून दोन्ही केबल लावाव्यात आणि मगच वीज द्यावी. ती चालू असताना जोडली तर तीही स्वतःला मास्टर समजत असते, पुन्हा निवड होते, आणि हरलेल्या बाजूला सगळं बंद करून नव्यानं सुरू व्हावं लागतं. दुसरं असं की नवा स्टॅक ताब्यात घेण्याआधी पुरवठादारासमोर उभं राहून एक स्टॅक केबल उपसावी, मग मास्टरची वीज काढावी, आणि प्रत्येक वेळी किती सेकंद काम थांबलं ते घड्याळ लावून नोंदवहीत लिहावं. बिल त्यानंतर मंजूर करावं.