गुडघ्याची सूज आणि परमा



आज आम्ही एक अवघड विषय काढतो आहोत. रागावू नका. आम्ही मास्तर माणसे, वैद्य नव्हे. पण डॉक्टरांकडून नीट समजून घेतले आहे, तेच सांगतो.

परमा हा रोग तुम्ही ऐकला असेल. लघवीला जळजळ होते, पू जातो. शरीरसंबंधातून तो एकाचा दुसऱ्याला लागतो. त्याचा जंतू नायसर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८७९ साली शोधला. हाच जंतू कधी कधी रक्तात उतरतो आणि सांध्यात जाऊन बसतो. हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

मग होते काय? अंगात ताप भरतो. आज मनगट दुखते, उद्या घोटा. हातापायांवर चार-दोन बारीक पुळ्या उठतात, तिकडे कोणी बघत नाही. पुढे एखादा सांधा, बहुधा गुडघा, टम्म सुजतो. हात लावला तर गरम लागतो. पाय टेकवत नाही. घरची माणसे म्हणतात, वात आला! निर्गुंडीचा पाला बांधतात, तेल चोळतात. कोणी डागही देतात. आत पू धरलेला असतो, त्याला पाला काय करणार? हाडांच्या टोकांवर गुळगुळीत आवरण असते, म्हणून सांधा सहज हलतो. पू ते आवरण खातो. एकदा गेलेले आवरण पुन्हा पहिल्यासारखे येत नाही. तरणाबांड गडी लंगडत राहतो.

बाईला हा रोग झाला, तर पुष्कळदा वरून काहीच दिसत नाही. पाळीच्या सुमारास आणि गरोदरपणी जंतू रक्तात उतरण्याचा धोका अधिक. रोग नवऱ्याने आणायचा, गुडघा बायकोचा धरायचा, आणि वर बोलही तिलाच लावायचा! हा कुठला न्याय?

सुजलेला प्रत्येक गुडघा परम्याचाच असतो असे नाही. पण ताप आणि सूज एकदम आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. डॉक्टर सुईने सांध्यातले पाणी काढून तपासतात. सेफ्ट्रायॅक्सोन नावाचे इंजेक्शन काही दिवस देतात. पू साचला असेल तर तो काढतात. पूर्वी पेनिसिलिनने काम भागे. आता हा जंतू त्याला दाद देत नाही. तेव्हा दुकानातून गोळी आणून घरी बसू नका. लवकर गेलात तर सांधा बहुधा पूर्ण बरा होतो.

डॉक्टरांपुढे नुसते “गुडघा दुखतो” म्हणून गप्प राहू नका. चारचौघांत लाज वाटली, तर “एकट्याशी बोलायचे आहे” असे म्हणा. आणि जोडीदारालाही औषध द्यायला लावा. नाहीतर बरा झालेला माणूस घरातूनच तो रोग परत घेतो.