गोठ्यातलं पाणी कुठं जातं?

आर्वी-कारंजा भागातली पांढरीशुभ्र गवळाऊ गाय ही वर्धा जिल्ह्याची ओळख. १९४२ मध्ये वारलेले जमनालाल बजाज अखेरच्या काळात वर्ध्याच्या गोपुरीत झोपडीत राहिले, तेही गोसेवेसाठीच. अशा या जिल्ह्यात आज मला गोठ्याच्या पाण्याबद्दल बोलायचं आहे.

लहानपणी आमच्या घराला लागून शेजाऱ्यांचा गोठा होता. श्रावणात आमच्या विहिरीचं पाणी पिवळं पडायचं. अम्मीला त्या पाण्यानं वजू करवत नसे. प्यायला मात्र तेच, गाळून. मग जुलाबानं घर आडवं व्हायचं. भांडण कोण काढणार? दूध त्यांच्याकडूनच यायचं!

खरं तर दोष गाईचा नव्हता, उताराचा होता. पावसाचं पाणी शेण-मूत्र घेऊन खाली धावतं. जंतू विहिरीत उतरतात, मूत्रातला नत्र नायट्रेट होऊन झिरपतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. ते वाढलं, तर तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही.

उपाय साधे आहेत. छपराला पन्हाळ लावून पावसाचं स्वच्छ पाणी बाहेरच्या बाहेर काढा. गोठ्यात फरशी घाला, तिला उतार द्या, नाली पक्क्या टाक्यात सोडा. उकिरडा विहिरीपासून दूर, खालच्या अंगाला हलवा आणि झाका. नाल्याकाठी गवताचा पट्टा राखा. टाक्यातलं मूत्र पाणी घालून पिकाला द्या. युरिया विकत आणायचा आणि घरचा नत्र विहिरीत सोडायचा, हा कुठला हिशेब?

पहिल्या पावसात छत्री घेऊन गोठ्यामागं उभे राहा. पाणी शेजाऱ्याच्या विहिरीकडं निघालं असेल, तर त्यानं बोलायच्या आधी आपणच कुदळ उचलावी.