ज्वारी कुणी पळवली?
(तळेगाव (श्यामजी पंत) इथल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



हवामान बदल हा शब्द काढला की चार जण चहाला उठतात. हा एसीत बसणाऱ्यांचा विषय, आपण तर आधीच उन्हात, असं वाटतं. म्हणून मी आभाळापासून नाही, चुलीपासून सुरू करतो.

माझी आई याच आष्टी तालुक्यात दुसऱ्याच्या वावरात राबली. ज्वारीच्या सोंगणीची मजुरी ज्वारीतच मिळायची. कडबा मालकाच्या बैलाला, रास मालकाच्या कोठीत, आणि खळ्यावरचं मातेरं आमच्या घरी. ते पाखडून, निवडून भाकर व्हायची. त्या दिवसांचे गोडवे मी गाणार नाही. ज्वारी होती तेव्हा जातही होतीच. विहीर मालकाची, आणि आम्ही ओंजळ करून लांब उभे.

पण ती ज्वारी आता कुठाय? महामार्गाच्या दोन्ही अंगांना बघा. सोयाबीन, पऱ्हाटी, तूर, संत्र्याचे बगीचे. सोयाबीनच्या शंभर किलोतून अठराएक किलो तेल निघतं. उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते, परदेशीही जाते. वावर आपल्या गावचं, ताट भलत्याचंच. आपल्या ताटात रेशनचा गहू-तांदूळ. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिना पाच किलो. तो हक्क आहे, भीक नाही, सोडायचा नाही. पण पाणी तुंबवलेल्या धानाच्या बांधीतून मिथेन निघतो. युरिया फेकला की मातीतून नायट्रस ऑक्साइड निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. आईची कोरडवाहू ज्वारी थोडक्या पावसावर यायची, खत फार मागायची नाही. तिला मागास पीक ठरवलं. गंमत अशी की २०२३ साली जगानं भरडधान्य वर्ष साजरं केलं, आणि तीच ज्वारी मॉलमध्ये चकचकीत पाकिटात बसली!

आयपीसीसीचा २०१९चा अहवाल सांगतो, माणूस सोडतो त्या तापवणाऱ्या वायूंपैकी २१ ते ३७ टक्के अन्नाच्या व्यवस्थेतून येतात. जंगलतोड, खत, गुरं, ट्रक, शीतगृह, सगळं धरून. नासलेल्या आणि फेकलेल्या अन्नाचेच ८ ते १० टक्के. उष्टं कोण टाकतं आणि उष्टं कोण उचलतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

इथं काही शहाणे लगेच आपल्या हंडीकडे बोट दाखवतात. मांस खाता, म्हणून जग तापतं! धान्य चारून, जंगल तोडून मांसासाठी गुरं पोसतात त्या देशांना हे जरूर सांगा. आपल्याकडे थकलेला बैल खाटकाकडे जायचा, गरिबाला स्वस्तात सागुती मिळायची. २०१५पासून महाराष्ट्रात बैल कापायलाही बंदी. तो बैल रवंथ करतो, मिथेन सोडतोच. कायदा वाचून तो ढेकर आवरत नाही. मग हा कायदा हवेसाठी नाही, कुणाच्या ताटासाठी आहे ते ओळखा.

आणि ऊन कुणाच्या डोक्यावर? पऱ्हाटी निंदणाऱ्या बाईच्या. २०२३ला विदर्भात सोयाबीन पिवळं पडलं तेव्हा शेतकऱ्याच्या नुकसानीचे पंचामे तरी झाले. सोंगणीचा रोज बुडाला त्या बाईचा पंचनामा कुणी केला? तिच्या नावावर सातबाराच नाही.

म्हणून गोष्ट जमिनीवर येते. १९६४-६५ साली दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहात माणसं लाखांनी तुरुंगात गेली, ती जमिनीसाठीच. आज सौर पॅनलसाठी सरकारी जमिनी शोधतात, त्यात गायरानंही येतात. सूर्याला आपला विरोध नाही. पण ज्या गायरानावर भूमिहीन बाई ज्वारी, अंबाडी, तूर पेरते, तिला हाकलून हवामान वाचवायचं म्हणता?

रेशनवर बाराही महिने ज्वारी हवी. गायरान कसणाऱ्या बाईच्या नावावर हवं. दोन्ही ठराव ग्रामसभेत आपण मांडायचे. त्याआधी तलाठ्याकडून गायरानाचा सातबारा काढा. कोण जातं ते आत्ताच हात वर करून सांगा. जो खर्च येईल तो वर्गणीतून.