न्यायासनाशेजारचा आरोपी

(दुधनी येथे वाचनप्रेमी नागरिकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाप या विषयावर बोलण्यासाठी समाजवादी कार्यकर्त्याला कशाला बोलावले, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. पाप-पुण्याचा हिशेब कीर्तनकारांनी मांडावा आणि आम्ही मजुरी, कर्ज व तुरीचा भाव यांविषयी बोलावे, अशी कामाची वाटणी आपल्याकडे रूढ झाली आहे. ती मला मान्य नाही. पाप कशाला म्हणावे हे बहुधा सत्ताधारी ठरवतात आणि शिक्षेचे वाटपही तेच करतात. तेव्हा हा सत्तेचा प्रश्न आहे, आणि म्हणून तो आपलाही आहे.

आरंभ एका परदेशी कादंबरीपासून करतो. नॅथॅनिएल हॉथॉर्न या अमेरिकन लेखकाची ‘द स्कार्लेट लेटर’ ही कादंबरी 1850 साली प्रसिद्ध झाली. तिचा काळ त्याच्याही दोनशे वर्षे आधीचा, म्हणजे बोस्टनमध्ये कडव्या प्यूरिटन पंथाचे राज्य होते तेव्हाचा. हॉथॉर्नचे एक पूर्वज 1692 च्या सेलम येथील चेटूक-खटल्यांत न्यायाधीश होते. त्या वारशाची लाज त्याला आयुष्यभर होती. 1841 मध्ये ब्रूक फार्म या सामुदायिक वसाहतीत राहून त्याने काही महिने शेतात कामही केले होते. समतेच्या प्रयोगाकडे ओढ आणि माणसाच्या मनाविषयी संशय, या दोहोंच्या ताणातून त्याचे लेखन झाले आहे.

कथा थोडक्यात अशी. हेस्टर प्रिन या स्त्रीचा पती दीर्घकाळ बेपत्ता आहे आणि तिला मूल झाले आहे. तान्ह्या मुलीला कडेवर घेऊन तिला भर चौकातील चौथऱ्यावर उभे केले जाते, आणि व्यभिचाराची खूण म्हणून छातीवर लाल अक्षर जन्मभर वागवण्याची शिक्षा होते. समोरच्या सज्जात गव्हर्नर आणि धर्मगुरू बसले आहेत. त्यांतील तरुण धर्मगुरू डिम्सडेल याला वडीलधारे आज्ञा करतात की, या स्त्रीला तिच्या साथीदाराचे नाव सांगण्यास प्रवृत्त करा. तो साथीदार म्हणजे स्वतः डिम्सडेल! हेस्टर नाव सांगत नाही. आरोपी न्यायासनाशेजारी बसलेला असतो आणि शिक्षा एकटी स्त्री भोगते.

मित्रहो, हे केवळ कादंबरीत घडते असे समजू नका. पुण्यात 1863 साली घडलेली एक घटना जोतीराव फुले यांनी पुढे 1884 मध्ये बेहरामजी मलबारींच्या टिपणांवर अभिप्राय देताना नोंदवून ठेवली आहे. काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा जोतीरावांच्या एका स्नेह्याच्या घरी स्वयंपाकाचे काम करीत असे. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला फसवले. ती गरोदर राहिली. तिने त्याच्याकडे आधार मागितला तेव्हा त्याने साफ हात झटकले. लोकलज्जेच्या भयाने तिने नवजात मुलाचा जीव घेऊन प्रेत विहिरीत टाकले. खटला चालला आणि तिला जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्र्याचे काय झाले? काही नाही. तो शास्त्रीच राहिला.

बोस्टनचा धर्मगुरू आणि पुण्याचा शास्त्री यांत एक भेद मात्र आहे, आणि तो लक्षात घेण्यासारखा आहे. शास्त्र्याला पश्चात्ताप झाल्याची कोठे नोंद नाही. डिम्सडेलला तो होतो. तो उपवास करतो, रात्री जागतो, बंद खोलीत स्वतःला चाबकाने फोडून काढतो. व्यासपीठावरून तो आपण महापापी असल्याचेही सांगतो. परंतु कोणते पाप, ते सांगत नाही. परिणाम असा होतो की, एवढा पुण्यवान पुरुष स्वतःला पापी म्हणवतो म्हणून लोक त्याला अधिकच पूज्य मानू लागतात. दांभिकतेचे याहून मार्मिक चित्र मी वाचलेले नाही. मोघम कबुलीने प्रतिष्ठा वाढते; नेमक्या कबुलीने ती जाते, आणि तशी कबुली द्यायला डिम्सडेलला सात वर्षे लागतात. त्या सात वर्षांत हेस्टर एकटीच मूल वाढवते. पश्चात्ताप खरा असूनही तो त्या मुलीच्या दुधाच्या वाटीपर्यंत पोहोचत नाही.

आणखी एक तपशील पाहा. हेस्टर भरतकामावर पोट भरते. गव्हर्नरच्या झालरी, धर्मगुरूंच्या गळपट्ट्या तिच्याच हातच्या. फक्त नववधूचा बुरखा तिला शिवू देत नाहीत. श्रम पवित्र, श्रम करणारी अपवित्र! आपल्याकडे केशवपन केलेली विधवा मंगलकार्यात समोर आलेली चालत नसे. पण त्या कार्याचा शेकडो पानांचा स्वयंपाक तीच रांधत असे. बहिष्कृताचे श्रम फुकटात वापरण्याची ही रीत दोन्ही खंडांत एकच आहे.

1881 साली सुरतेकडील विजयालक्ष्मी या तरुण विधवेला भ्रूणहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी करण्यात आली. तेव्हा वृत्तपत्रांनी समस्त स्त्रीजातीच्या अनीतीवर उपदेशाचा वर्षाव केला. त्याला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहून उत्तर दिले. जे दुर्गुण स्त्रियांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय, हा त्यांचा साधा सवाल होता. त्यावर एवढा गहजब झाला की, ताराबाईंनी नंतर दुसरे पुस्तक लिहिले नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या 1967 च्या नाटकातही हाच खटला पुन्हा उभा राहतो. अभिरूप न्यायालयात बेणारेबाईंवर भ्रूणहत्येचा आरोप आहे, आणि प्राध्यापक दामले गैरहजर आहेत. ती रिकामी खुर्ची दोन शतके रिकामीच आहे.

मग उपाय कोणता? हॉथॉर्न अखेरीस डिम्सडेलला चौथऱ्यावर चढवून कबुली द्यायला लावतो आणि त्याला मृत्यू देतो. कादंबरीला हा शेवट शोभतो; समाजाला पुरत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी काशीबाईच्या खटल्यानंतर अश्रू ढाळले नाहीत. त्यांनी आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि ब्राह्मण वस्तीतील भिंतींवर त्याच्या जाहिराती लावल्या. 1884 पर्यंत पस्तीस विधवा तेथे बाळंत झाल्याचे जोतीरावांनी लिहिले आहे. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत याला त्यांनी दत्तक घेतले. आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, प्रार्थना समाजाचे लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने 1875 साली असेच गृह निघाले. विठ्ठलाच्या दारी टाकलेल्या मुलांना प्रथम पाळणा हवा होता, उपदेश नव्हे.

हे सारे जुने झाले असे म्हणण्याचा मोह मला होत नाही. जातपंचायतीचे बहिष्कार थांबवण्यासाठी महाराष्ट्राला 2016 साली कायदा करावा लागला आणि तो जुलै 2017 पासून अंमलात आला. विधवांच्या अवमानाच्या प्रथा बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये केला आणि त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढले. म्हणजे लाल अक्षर अजून उतरलेले नाही. त्याचा रंग तेवढा बदलला आहे.

दुधनी हे सीमेवरचे गाव. येथे मराठी आणि कन्नड एकाच घरात नांदतात, आणि बसवण्णांचे नाव घराघरांत आहे. बाराव्या शतकात कल्याणात हरळय्या आणि मधुवरस यांनी जातीबाहेर सोयरीक जोडली, तेव्हा राजसत्तेने त्यांना प्राणदंड दिला, असे परंपरा सांगते. त्या दिवशी जे पाप ठरले त्यालाच आज आपण समता म्हणतो. ज्यांना ही आठवण आहे त्यांनी तरी कोणत्याही चौथऱ्यावरच्या स्त्रीकडे बोट दाखवण्यापूर्वी मागे वळून न्यायासनाकडे पाहावे.

आणि शेवटी एक गोष्ट आम्हा कार्यकर्त्यांसाठी. आम्हीही व्यासपीठावरून, ‘आपण सारेच दोषी आहोत’ असे मोघम बोलतो आणि टाळ्या घेतो. तो डिम्सडेलचाच मार्ग आहे. यापुढे दोष नेमका सांगावा, आपला असेल तर आधी सांगावा, आणि सांगून झाल्यावर जिच्यावर अन्याय झाला तिच्या घरी धान्य, वकील आणि सोबत घेऊन जावे. एवढे आपण केले तर पापाचे काय करायचे ते कीर्तनकारांवर सोपवायला माझी हरकत नाही.