महानवमी दिब्ब्यावरचे घोडे



खंडेनवमीला आमच्या हुबळीच्या विद्यानगरात सकाळपासून स्कूटरी धुतल्या जातात. हँडलला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. कधीकाळी हा मान घोड्याचा होता. विजयनगरच्या राजापुढे याच सणात घोडे सजून यायचे, आणि जिथे बसून राजा ते पाहायचा तो चौथरा हंपीला आजही उभा आहे. हुबळीहून गदग, कोप्पळ करत होसपेटेला उतरायचं. तिथून हंपी जवळच. चौथऱ्याचं नाव महानवमी दिब्बा. दिब्बा म्हणजे कन्नडात टेकाड.

एकावर एक चढवलेले दगडी टप्पे, वर मोकळी सपाटी. लोक भराभर वर चढतात, फोटो काढतात आणि उतरतात. मला फार हळहळ वाटते. वरचा मंडप लाकडाचा होता, तो कधीच गेला. 1565च्या तालीकोटच्या लढाईनंतर राजधानी लुटली, जाळली गेली. दगड तेवढा उरला. 1520च्या सुमारास आलेल्या दोमिंगो पाइश या पोर्तुगिजाने नवमीचा सोहळा डोळ्यांनी पाहिला होता. मखमलीने मढवलेले लाकडी मांडव, झुली घातलेले घोडे, आणि राजाची दोन छत्रं मिरवणारा मानाचा घोडा, सगळं त्याने लिहून ठेवलंय.

तुम्ही मात्र वर जायची घाई करू नका. आधी भिंतीशी उकिडवे बसा. ग्रॅनाइटवर उथळ कोरलेली घोड्यांची रांग दिसेल. लगाम धरणाऱ्याच्या अंगात लांब डगला, डोक्यावर टोकदार टोपी. हा इथला नव्हे, परदेशी सौदागर. चांगली पैदास आपल्याकडे होत नसे, म्हणून अरबस्तानातून, होर्मुझहून घोडे जहाजाने भटकळला, गोव्याला उतरत आणि घाट चढून इथवर येत. 1510मध्ये गोवा पोर्तुगिजांकडे गेला, तरी विजयनगरने त्यांच्याशी गोडी राखली, ती बरीचशी या घोड्यांपायी.

पुढे चौथऱ्याच्या पश्चिम अंगाला हिरवट करड्या, मऊ दगडाचं नवं आवरण चढवलं. त्यावरचं काम नाजूक आहे. पण माझा जीव जुन्या घोड्यांवर. ग्रॅनाइट छिन्नीला सहजी दाद देत नाही. त्यामुळे ते जाड मानेचे, ठोकळ पायांचे झालेत, पण चालताहेत हे नक्की.

शक्यतो सकाळी लवकर जा. तिरपं ऊन भिंतीला घासून जात असतं तेव्हा एकेका पायाची सावली पडते आणि रांग हलू लागते. ऊन डोक्यावर आलं की सावल्या मिटतात, भिंत पुन्हा सपाट होते.