डिझेल-विद्युत मोटारीचे भवितव्य आणि हिंगोलीचा रस्ता
(अध्यक्षीय भाषण)



पूर्णा–हिंगोली–वाशीम–अकोला हा रेल्वेमार्ग मीटरगेज होता, त्या काळात त्यावर धावणारे वायडीएम-४ हे इंजिन जुन्या हिंगोलीकरांना चांगलेच आठवत असेल. सहा सिलिंडरचे, सुमारे १,४०० अश्वशक्तीचे हे डिझेल इंजिन चाकांना कधीच जोडलेले नव्हते. ते फक्त जनित्र फिरवायचे. जनित्राची वीज आसांवर बसवलेल्या मोटरींकडे जायची आणि गाडी ओढायच्या त्या मोटरी. म्हणजे डिझेल आणि वीज यांची जोडी या जिल्ह्याला नवी नाही. २००८ मध्ये मार्ग ब्रॉडगेज झाला, इंजिने मोठी झाली, तत्त्व मात्र तेच राहिले. आता या मार्गावर विजेच्या तारा आल्या आहेत.

तरीही रेल्वेचे डिझेल इंजिन हायब्रीड नव्हते. ब्रॉडगेजवरचे मोठे इंजिन उतारावर विद्युत ब्रेक लावते, तेव्हा त्याच्या मोटरी उलट जनित्राचे काम करतात. ही वीज साठवायला जागाच नसल्यामुळे ती इंजिनाच्या वरच्या भागातील रोधकांच्या जाळ्यांत उष्णता होऊन हवेत जाते. हायब्रीड मोटारीचा सगळा दावा याच ठिकाणी उभा आहे. ब्रेकमध्ये वाया जाणारी शक्ती बॅटरीत घालायची, गाडी उचलताना ती परत वापरायची आणि इंजिन नुसते रेंगाळत इंधन जाळते तेव्हा ते चक्क बंद ठेवायचे.

ही कल्पना डिझेल मोटारीत कधी आली, कुठे अडली आणि पुढे तिला जागा आहे का, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

महाराष्ट्रात या प्रयत्नाची सुरुवात उमेदीची होती. जून २०१० मध्ये पुण्याच्या केपीआयटी कमिन्स आणि भारत फोर्ज यांनी मिळून ‘रेवोलो’ नावाची जोडप्रणाली जाहीर केली. रस्त्यावर असलेल्या जुन्या मोटारीलाच विजेची मोटर, बॅटऱ्या आणि नियंत्रक बसवून तिला हायब्रीड करायचे, असा हा विचार होता. इंधनाची कार्यक्षमता चाळीस टक्क्यांहून अधिक वाढेल, असा कंपन्यांचा दावा होता. नवी गाडी न घेता जुनी सुधारायची, ही गोष्ट गॅरेजवाल्या देशाला शोभणारी होती. पण अशा बदलासाठी लागणारा नियम केंद्रीय मोटार वाहन नियमांत आला २०१६ मध्ये. तोवर सहा वर्षे निघून गेली होती आणि रेवोलो बाजारात रुजली नाही.

कारखान्यातून तयार होऊन येणाऱ्या गाड्यांनी सोपी वाट धरली. नाशिकला बनणाऱ्या महिंद्राच्या गाड्यांत आधी ‘मायक्रो हायब्रीड’ आले. सिग्नलला इंजिन बंद, क्लच दाबला की चालू, एवढेच त्याचे काम. जुलै २०१६ मध्ये स्कॉर्पिओला ‘इंटेली-हायब्रीड’ मिळाले आणि सात टक्क्यांपर्यंत इंधनबचतीचा दावा झाला. त्याआधी सप्टेंबर २०१५ मध्ये मारुतीने सियाझ डिझेल ‘एसएचव्हीएस’ आणली होती. तिच्यातले १.३ लिटरचे इंजिन मूळ फियाटचे. पुण्याजवळच्या रांजणगावातही ते बनत असे. साध्या सियाझ डिझेलचे अधिकृत अॅव्हरेज लिटरला २६.२१ किलोमीटर होते, एसएचव्हीएसचे २८.०९. केंद्राच्या फेम योजनेतून तिला सवलतही मिळाली. १ एप्रिल २०१७ पासून तिच्यासारखे सौम्य हायब्रीड, म्हणजे ज्यांत लहान मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते अशा गाड्या, या सवलतीतून वगळले गेले. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ मानके आली आणि मारुतीने डिझेल मोटारी बनवणेच थांबवले.

मुंबईत एक वेगळा प्रयोग झाला. २०१८ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलासाठी एमएमआरडीएने घेतलेल्या टाटा मोटर्सच्या २५ हायब्रीड बस बेस्टमार्फत धावू लागल्या. त्यांची रचना रेल्वे इंजिनासारखी होती. डिझेल इंजिन वीज तयार करी, चाके मोटर फिरवी आणि मध्ये बॅटरी असे. साध्या बसपेक्षा त्या कितीतरी महाग होत्या आणि थोड्याच काळात सरकारी धोरणाचा सारा कल पूर्ण विजेच्या बसकडे वळला.

जगातही चित्र फारसे निराळे नाही. अमेरिकेने १९९३ मध्ये मोठ्या मोटार कंपन्यांना बरोबर घेऊन तिप्पट अॅव्हरेजच्या मोटारीचा कार्यक्रम आखला. २००० साली फोर्ड, जनरल मोटर्स आणि डेमलर-क्रायस्लर यांनी दाखवलेले नमुने डिझेल हायब्रीडच होते. त्यांतला एकही विक्रीला आला नाही. फ्रान्सच्या प्यूजोने ३००८ हायब्रीड-४ ही पहिली पूर्ण डिझेल हायब्रीड मोटार २०१२ च्या सुमारास रस्त्यावर आणली. पुढच्या चाकांना दोन लिटरचे डिझेल इंजिन आणि मागच्या चाकांना ३७ अश्वशक्तीची मोटर. व्होल्व्हो आणि मर्सिडीज पाठोपाठ आल्या. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचा धूरचाचणीतला घोटाळा उघड झाला आणि युरोपातला डिझेलवरचा विश्वासच उडाला.

इतक्या जाणत्या अभियंत्यांना यश का आले नाही, हे नीट पाहिले पाहिजे, कारण पुढची दिशा त्यातच आहे.

पहिले कारण किमतीचे. डिझेल इंजिन मुळातच महाग. जास्त दाबाचा पंप, कॉमन रेल, टर्बो, जड बांधणी हे सगळे आले. त्यावर बीएस-६ मुळे धूर शुद्ध करणारी यंत्रणा चढली. वर पुन्हा बॅटरी, मोटर आणि इन्व्हर्टर. एका गाड्याला दोन बैलजोड्या जुंपल्या, तर दोन्ही जोड्यांची वैरण भरून काढण्याइतके ओझेही हवे. शहरातल्या खासगी मोटारीवर तेवढे ओझे कधीच नव्हते.

दुसरे कारण बचतीचे. पेट्रोल इंजिन कमी भारावर फार इंधन खाते, त्यामुळे हायब्रीड झाल्यावर त्याचा फायदा मोठा असतो. डिझेल कमी भारावरही बऱ्यापैकी काटकसरी असते, म्हणून वाचवायला उरते थोडे. दरम्यान टोयोटाने हायब्रीडसाठी घडवलेले पेट्रोल इंजिन ४१ टक्के औष्णिक कार्यक्षमतेपर्यंत पोहोचले, म्हणजे डिझेलच्या पंक्तीला बसले. मारुतीच्या ग्रँड व्हिटारा या पेट्रोल हायब्रीडचे अधिकृत अॅव्हरेज २७.९७ आहे. सियाझ डिझेलचा जुना आकडा पेट्रोलने असा जवळजवळ गाठला.

तिसरे कारण या सभागृहातल्या प्रत्येक मिस्त्रीच्या हाताखालून गेलेले आहे. जवळच्या फेऱ्या मारणारी बीएस-६ डिझेल गाडी गॅरेजला येते, डॅशबोर्डवर दिवा लागलेला असतो, पिकअप गेलेला असतो आणि उघडून पाहावे तर डीपीएफ चोक झालेला असतो. ही काजळीची जाळी स्वतःला साफ करते ती सुमारे ६०० अंश तापमानाला. युरियाच्या फवाऱ्याने नायट्रोजन ऑक्साइड मोडणारी एससीआर यंत्रणाही सुमारे २०० अंशांखाली नीट चालत नाही. हायब्रीडमध्ये तर इंजिन वारंवार बंद होते, म्हणजे सायलेन्सर थंड पडतो. इंधन वाचवणारी युक्तीच धूर साफ करण्याच्या आड येते. आटोपशीर इंजिन आणि मोठी मोटर घेऊन, इंजिन चालेल तेव्हा भरपूर भारावर, सलग चालेल अशी रचना केली तर हा पेच सुटू शकतो. त्यासाठी सौम्य हायब्रीड पुरणार नाही.

ही तिन्ही कारणे समोर ठेवून हिंगोलीकडे पाहिले, तर वेगळे गणित दिसते.

हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव या पाच तालुक्यांत मोटार बहुधा पोटापाण्यासाठी चालते. हळदीच्या हंगामात संत नामदेव मार्केट यार्डाबाहेर पिकअप आणि टेम्पोंची रांग लागते. गाडीत ओझे पूर्ण भरलेले, इंजिन चालू, रांग चार हात सरकते आणि थांबते. तेच वाहन दुसऱ्या दिवशी अकोला–नांदेड राष्ट्रीय महामार्ग १६१ वर शे-दीडशे किलोमीटर जाते. औंढा नागनाथ आणि नर्सी नामदेवच्या वाटेवरची प्रवासी जीप फाट्या-फाट्यावर थांबते, दहा माणसे घेऊन उचलते आणि पुन्हा ब्रेक लावते. प्रत्येक थांब्यावर उष्णता होऊन गेलेली ती शक्ती म्हणजे चालकाच्या खिशातले पैसे असतात.

एक साधा हिशेब मांडून पाहू. लिटरला १५ किलोमीटर देणारी प्रवासी गाडी वर्षाला ३०,००० किलोमीटर चालली, तर २,००० लिटर डिझेल लागते. पूर्ण हायब्रीडने यातला चौथा हिस्सा वाचवला असे धरले, तर ५०० लिटर वाचले. लिटरला ९० रुपये धरले तर वर्षाचे ४५,००० रुपये झाले. नोकरदाराची घरची मोटार वर्षाला ८,००० किलोमीटर चालते. तिथे हीच बचत बारा हजारांवर थांबते. पहिल्या मालकाची जादा किंमत काही वर्षांत वसूल होते, दुसऱ्याची गाडी विकेपर्यंत होत नाही.

आज बाजारात मात्र उलटे दिसते. जून २०२५ मध्ये ४८ व्होल्टची सौम्य हायब्रीड यंत्रणा घेऊन डिझेलची फॉर्च्युनर आली. तेव्हा तिची किंमत ४४ लाखांच्या पुढे होती. ज्याला डिझेलच्या भावाची चिंता नाही त्याला डिझेल हायब्रीड मिळते. ज्याचा संसार डिझेलच्या भावावर हलतो त्याला ती मिळत नाही.

आणि वाट तर मोकळी झाली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या जीएसटीच्या नव्या दरांत चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल हायब्रीड मोटारीवर १८ टक्के कर आहे. त्याहून मोठ्या हायब्रीडवर ४० टक्के. नाशिकच्या महिंद्रा कारखान्याची बोलेरो ३,९९५ मिलिमीटर लांब आणि १,४९३ सीसीची आहे. कायद्याने आखलेल्या चौकटीत ही गाडी तंतोतंत बसते आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत तिची ओळख करून द्यावी लागत नाही. पूर्ण हायब्रीड बोलेरो अजून बाजारात आलेली नाही.

विजेच्या मोटारींचे समर्थक विचारतील की मधल्या पायरीची गरजच काय? हा प्रश्न रास्त आहे. डिझेलचा प्रत्येक लिटर जळताना सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि हायब्रीड तो कमी करते, संपवत नाही. २०२३ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाच्या सल्लागार समितीने दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत २०२७ पर्यंत डिझेलच्या चारचाकी बंद करण्याची शिफारस केली. शहरांसाठी तो विचार योग्यच आहे. तिथे फेऱ्या लहान असतात आणि चार्जर जवळ असतो. एसटीनेही १ जून २०२२ ला पुणे–अहमदनगर मार्गावर विजेवरची ‘शिवाई’ आणली. १९४८ मध्ये याच तारखेला, याच मार्गावर पहिली एसटी धावली होती. पण सेनगावच्या एखाद्या वाडीतून पहाटे रुग्ण घेऊन नांदेडला निघालेल्या, तिथून भाडे मिळाले तर पुढे जाणाऱ्या गाडीला आज भरवशाचा पल्ला हवा. पुढची दहा-पंधरा वर्षे ही गरज राहील. त्यानंतर बॅटरी स्वस्त होऊन पूर्ण विजेची गाडीच हे काम करू लागेल. म्हणजे डिझेल हायब्रीडची संधी खरी आहे, पण तिला मुदत आहे. दोन-तीन वर्षांत गाडी आली नाही, तर नंतर येण्यात अर्थ उरणार नाही.

गाडी कोणतीही येवो, तिच्यात उच्च दाबाची वीज असणारच. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगरात सुमारे २०,००० कोटींच्या कारखान्याचा सामंजस्य करार राज्य सरकारशी केला. उद्या मराठवाड्यात हायब्रीड मोटारी वाढतील, तेव्हा त्या हिंगोलीच्या गॅरेजमध्येही येतील. नारिंगी वेष्टनाची केबल दिसली की हात मागे घ्यायचा, आधी इन्सुलेटेड हातमोजे तपासूनच घालायचे, मग सर्व्हिस प्लग काढायचा, इन्व्हर्टरमधल्या कॅपॅसिटरची वीज उतरेपर्यंत थांबायचे, मीटरने शून्य व्होल्ट पाहिल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखणाऱ्या मिस्त्रीला हे आपोआप समजणार नाही. शिकवावे लागेल, आणि त्याच्याच भाषेत शिकवावे लागेल. इथे चूक झाली तर जीव जातो, म्हणून हा विषय नफ्या-तोट्याच्याही आधीचा आहे.

म्हणून वाहनदुरुस्ती व्यावसायिकांच्या या परिषदेने आज तीन ठराव करावेत, अशी अध्यक्ष या नात्याने विनंती आहे. पहिला, चार मीटरच्या आतली पूर्ण डिझेल हायब्रीड प्रवासी गाडी आणि पिकअप बनवावी, असे निवेदन नाशिक आणि पुण्याच्या वाहन कंपन्यांना द्यावे आणि त्यासोबत जिल्ह्यातील चालकांच्या रोजच्या फेऱ्या व इंधनाच्या नोंदी जोडाव्यात. दुसरा, राज्य सरकार डिझेल मोटारीवर पेट्रोलपेक्षा जास्त एकरकमी वाहनकर घेते, त्यातून व्यवसायासाठी वापरल्या जाणाऱ्या डिझेल हायब्रीडला ठरावीक मुदतीची सूट मागावी. तिसरा, हिंगोलीच्या आयटीआय आणि शासकीय तंत्रनिकेतनात उच्चदाब वाहनदुरुस्तीचा मराठीतून लघुअभ्यासक्रम सुरू व्हावा, आणि गॅरेजचालकांनी आपला किमान एक माणूस त्याला पाठवावा. पहिल्या दोन ठरावांना उत्तर यायला वेळ लागेल. तिसऱ्याची नावनोंदणी मात्र आजच, या सभागृहातून बाहेर पडण्यापूर्वी करावी.